सही झाल्याशिवाय विमान उडत नाही



बारावीनंतर मुलींनी काय शिकावं, या आपल्या कार्यक्रमानंतर एका बचत गटाकडून चिठ्ठी आली. गटातल्या एका ताईंच्या मुलीला विमानदुरुस्तीच्या कोर्सचं पत्रक मिळालंय. दोन वर्षांत इंजिनिअर, नोकरीची हमी, असं त्यावर छापलंय. फी काही लाखांत आहे, म्हणून ताईंनी गटाकडे कर्ज मागितलंय. चिठ्ठीत दोन प्रश्न होते. हे पत्रक खरं मानायचं का? आणि मुलीनं तिथं जाऊन नेमकं करायचं काय?

आम्ही दुसरा प्रश्न आधी घेतो. काम काय आहे हे कळल्याशिवाय पत्रकातलं खरं किती, खोटं किती, हे ठरवता येत नाही.

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पायलट येतो, हवाई सुंदरी येते. पण विमान जमिनीवर उतरून पुन्हा उडेपर्यंतच्या वेळात त्याच्या अवतीभवती फिरणारी आणखी काही माणसं असतात. अंगात चमकदार पट्ट्यांचं जाकीट, हातात टॉर्च, कानावर आवाज अडवणारी कानपट्टी. त्यांच्यातल्या एकाकडे सरकारी परवाना असतो. त्याला 'विमान देखभाल अभियंता' म्हणतात. त्या धंद्यातली माणसं नुसतं 'एएमई' म्हणतात. देखभालीचं काम पुरं झालं की 'हे काम नियमाप्रमाणे झालं आहे, विमान उडवायला हरकत नाही' असं लिहून तो किंवा ती खाली सही करते. ही सही कागदावर येत नाही तोवर पायलट कितीही अनुभवी असो, विमान हलत नाही. आत दीडशे-दोनशे माणसं पट्टे बांधून बसलेली असली तरी नाही.

आपल्या गटात चेकवर अध्यक्ष आणि सचिव या दोघींची सही लागते, तसंच हे, असं आधी आमच्या मनात आलं. पण फरक आहे. चेकवरची चुकलेली सही बँकेत जाऊन दुरुस्त करता येते. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर गेल्यावर सही मागे घेता येत नाही.

आता काम बघू. विमान उतरलं की त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारायची. टायर किती झिजलेत, त्यांना कुठे चीर गेलीय का, ब्रेकची झीज दाखवणारी छोटी पिन किती बाहेर आहे, इंजिनच्या तोंडाशी असलेल्या पंख्याच्या पात्यांना पक्षी किंवा खडा लागून खाच पडलीय का, पंखाखाली तेलाचा ओघळ दिसतो का, बाहेरून लावलेल्या वेग मोजणाऱ्या नळ्या मोकळ्या आहेत का, हे सगळं बघायचं. पायलटनं वहीत काही तक्रार लिहिली असेल तर ती वाचायची. तक्रार लिहिली की तिचं उत्तर त्याच वहीत लिहावं लागतं. काय सापडलं, काय केलं, कोणता भाग बदलला, त्या भागाचा नंबर काय, सगळं.

प्रत्येक बिघाड तिथल्या तिथे दुरुस्त करावा लागतो असंही नाही. कोणती वस्तू बंद असली तरी विमान सुरक्षित उडू शकतं, याची एक मंजूर यादी असते. एका सीटवरचा वाचायचा दिवा बंद असेल तर उड्डाण अडत नाही. काही बिघाड ३ दिवसांत, काही १० दिवसांत दुरुस्त झालेच पाहिजेत, अशी मुदतही त्या यादीत घातलेली असते. मुदत संपली की विमान उभं. म्हणजे 'चालतंय की' हे कुणाच्या मनानं ठरत नाही, यादीनं ठरतं.

हे झालं रोजचं काम. ठरावीक तास उडाल्यावर, ठरावीक महिने झाल्यावर विमान हँगरमध्ये येतं. हँगर म्हणजे विमान मावेल एवढी प्रचंड शेड. तिथे मोठी तपासणी असली की सीटा, जमिनीच्या फळ्या, भिंतींचं अस्तर सगळं काढतात. विमानाचा नुसता सांगाडा दिसायला लागतो. मग त्या सांगाड्यात भेगा शोधायच्या. काही भेगा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी रंगीत द्रव लावून पुसतात, म्हणजे भेगेत शिरलेला रंग उमटून दिसतो. गरोदरपणात आपली सोनोग्राफी करतात, तशी धातूचीही ध्वनिलहरींनी तपासणी होते. आणि दवाखान्यात दुर्बीण घालून पोट बघतात, तशीच बारीक नळीची दुर्बीण इंजिनच्या पोटात घालून आतली पाती बघतात.

भेगा एवढ्या का शोधायच्या? वर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब वाढवून ठेवावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग किंचित फुगतं आणि खाली उतरलं की पुन्हा बसतं. तार एकाच जागी वाकवत, सरळ करत राहिलं की ती तुटते, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलेलं आहे. १९८८ साली अमेरिकेच्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या एका विमानाचं छत भर आकाशात उचकटून गेलं. त्या विमानाची ८९ हजारांवर उड्डाणं झालेली होती. बेटाबेटांमधली छोटी छोटी उड्डाणं, वर समुद्राची खारी हवा. रिव्हेटांच्या कडेनं आलेल्या बारीक भेगा तपासणीत सुटल्या होत्या. पायलटांनी ते उघडं विमान खाली उतरवलं, पण एक हवाई सेविका त्यात गेली.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण या धंद्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती शिकवतात.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. जून १९९०. ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची, कॅप्टनच्या समोरची काच बदलायची होती. रात्रपाळी, माणसं कमी. म्हणून पाळीच्या प्रमुखानं पहाटेच्या वेळी ते काम स्वतःच करायला घेतलं. माणूस अनुभवी, कामाचा, चांगल्या नावाचा. काच ९० बोल्टांवर बसलेली असते. त्यानं जुने बोल्ट काढले आणि त्याच मापाचे नवे आणायला गेला. मापाचा नंबर पुस्तकात बघण्याऐवजी त्यानं जुना बोल्ट हातात धरून, नव्याशी ताडून पाहिला. आपण नाही का, जुनं बटण घेऊन दुकानात जातो! त्यातून जिथं ते बोल्ट होते तिथं उजेड बेताचा. बारीक वाचायला त्याला चष्मा लागायचा, तोही त्यानं लावलेला नव्हता. भांडारातल्या माणसानं त्याला आधी योग्य नंबर सांगितलाही होता.

त्यानं जे बोल्ट आणले त्यातले ८४ बारीक निघाले. किती बारीक? एक मिलिमीटरसुद्धा नाही, पाऊण मिलिमीटरपेक्षाही थोडं कमी. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण लांबीला आखूड. काच बसली. बाहेरून बघितलं तर अगदी नीट दिसत होती. हे काम दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासायच्या यादीत त्या वेळी नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणी ते पाहिलं नाही.

१० जूनला ते विमान स्पेनकडे निघालं. आत ८१ प्रवासी. उडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती, सतरा हजार फुटांवर ती काच निखळून उडाली. आतल्या हवेच्या दाबानं कॅप्टन खिडकीतून अर्धा बाहेर फेकला गेला. कमरेपासून वरचं अंग विमानाच्या बाहेर, पाय आत अडकलेले. सेवकानं त्याला कमरेला धरलं, मग दुसऱ्यानं पाय धरले. अंग गोठवणारा वारा, डोक्याएवढा आवाज. सहवैमानिकानं तशा स्थितीत विमान साउथॅम्पटनला उतरवलं. सगळ्यांना वाटलं होतं, कॅप्टन गेला. पण तो जगला, आणि काही महिन्यांनी पुन्हा विमान उडवायला लागला. एकही माणूस दगावला नाही, हे नशीबच म्हणायचं.

चौकशी झाली तेव्हा त्या माणसाला बेजबाबदार ठरवून फाइल बंद करता आली असती. तसं झालं नाही. माणसं कमी का होती, उजेड कमी का होता, पुस्तक न बघता काम करायची सवय तिथं कशी रुळली, अशा कामाला दुसरी नजर का नव्हती, हे सगळं चौकशीत विचारलं गेलं. आम्हाला या गोष्टीत हे सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे गावात काही चुकलं की आधी माणूस शोधतात, कारण शोधायचं राहूनच जातं.

म्हणूनच आज या परवान्याच्या परीक्षेत इंजिन, वीज, धातू, हवेचं शास्त्र या विषयांबरोबर माणसाचा स्वभाव आणि मर्यादा हाही एक पूर्ण विषय असतो. झोप कमी झाली की हात कुठे चुकतो, मध्येच फोन आला तर कामातली कोणती पायरी सुटते, पाळी बदलताना अर्धवट काम दुसऱ्याला सांगायचं राहिलं तर काय होतं, हे शिकवतात. कॅनडाच्या सरकारी वाहतूक खात्यात गॉर्डन ड्युपाँट नावाच्या गृहस्थांनी १९९३ मध्ये देखभालीत चुका घडवणाऱ्या १२ कारणांची यादी केली, ती आता जगभर शिकवली जाते. थकवा, घाई, सामानाची टंचाई ही त्यातली कारणं आपल्याला सहज सुचतील. पण त्यात आणखी दोन आहेत, ती ऐका. एक, 'आमच्याकडे हे असंच करतात' ही रुळलेली सवय. दुसरं, वरच्या माणसाला नाही म्हणता न येणं.

नाही म्हणता न येणं! ते आपल्याला शिकवावं लागत नाही, त्यातच आपण वाढलो. पण इथं बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला असं शिकवतात की उशीर झालाय म्हणून साहेब डोक्यावर उभे असतील, आत प्रवासी ओरडत असतील, तरी तपासणी पुरी झाली नसेल तर सही करायची नाही. त्यासाठीच परवाना कंपनी देत नाही, सरकार देतं. सही तिच्या नावावर असते, कंपनीच्या नव्हे. खोटी सही केली तर परवाना तिचा जातो आणि कायद्याला तोंडही तिला द्यावं लागतं.

हत्यारांची शिस्तही अशीच. फळ्यावर प्रत्येक पान्याचा, पक्कडीचा आकार रंगवलेला असतो. वस्तू जागेवर नसली की मोकळा आकार लगेच डोळ्यात भरतो. ऑपरेशननंतर पोट शिवण्याआधी सिस्टर कापसाचे बोळे मोजतात, तसं विमान बंद करण्याआधी हत्यारं मोजतात. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जात नाही. बोल्ट किती घट्ट पिळायचा तेही अंदाजानं नाही, मापाच्या पान्यानं, आणि तो पाना स्वतः ठरावीक काळानं तपासून घ्यावा लागतो. नव्या भागाला कागद नसेल तर तो कितीही चकचकीत असला तरी बसवायचा नाही. लसीच्या बाटलीवर बॅच नंबर आणि तारीख नसेल तर आपल्या आरोग्यसेविका ती टोचतात का?

एवढी काळजी कशाला, असं वाटत असेल तर पेरू देशातलं १९९६ सालचं विमान आठवावं. धुताना पाणी जाऊ नये म्हणून हवेचा दाब मोजणाऱ्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. पट्टी रुपेरी, विमानाचं अंगही रुपेरी, वेळ रात्रीची. उडाल्यावर पायलटला उंची कळेना, वेग कळेना. विमान समुद्रात पडलं. ७० माणसं गेली.

आता शिक्षणाकडे येऊ, म्हणजे पत्रकाचा हिशेब लागेल.

आपल्या देशात हा परवाना दिल्लीचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. त्याला सगळे 'डीजीसीए' म्हणतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा असला तरी चालतो. वायरींचे रंग ओळखावे लागतात, म्हणून रंगांधळेपणा नको. डीजीसीएनं मान्यता दिलेल्या संस्थेत साधारण दोन वर्षांचं शिक्षण, त्यात वर्ग आणि प्रत्यक्ष काम दोन्ही. बी-१ म्हणजे सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक भाग. बी-२ म्हणजे विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं. याखाली ए हा छोट्या, ठरलेल्या कामांचा परवाना असतो. मोठ्या तपासणीनंतर पूर्ण विमानाच्या कागदावर सही करणाऱ्याचा सी असतो, तो बऱ्याच अनुभवानंतर मिळतो. परीक्षेत दहाहून जास्त विषय, आणि प्रत्येकात १०० पैकी ७५ गुण मिळाले तरच पास. पस्तीस नव्हे, पंच्याहत्तर! पेपर इंग्रजीत असतात, कामाची पुस्तकंही इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलींनी याला घाबरू नये, पण तयारी अकरावीपासून ठेवावी. पुस्तकातलं इंग्रजी साधं आणि ठरावीक शब्दांचं असतं, गोष्टींच्या पुस्तकासारखं अवघड नसतं.

पेपर पास झाले तरी परवाना लगेच हातात येत नाही. उडणाऱ्या विमानांवर साधारण दोन वर्षं प्रत्यक्ष काम केल्याची नोंदवही भरावी लागते. परवाना आला तरी सगळ्या विमानांवर सही करता येत नाही. एअरबस ए-३२० वेगळं, बोइंग ७३७ वेगळं. ज्या जातीच्या विमानावर काम करायचं, त्याचं आणखी प्रशिक्षण घेऊन ती नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. त्यानंतर ज्या कंपनीत काम करते ती कंपनी तिला सहीचा अधिकार देते. थोडक्यात, बारावीपासून स्वतःच्या जबाबदारीवर सही करेपर्यंत पाच-सहा वर्षं धरून चाला. दोन वर्षांत होतं ते शिक्षण, इंजिनिअर नव्हे.

तेव्हा गटानं कर्ज मंजूर करण्याआधी चार गोष्टी संस्थेला लेखी विचाराव्यात. डीजीसीएची मान्यता आहे का, ती कोणत्या शाखेसाठी आणि कधीपर्यंत आहे. मान्य संस्थांची यादी डीजीसीए स्वतः जाहीर करतं, ती बघावी, संस्थेच्या भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नये. दोन वर्षांतलं प्रत्यक्ष काम कोणत्या कंपनीत, कोणत्या विमानांवर मिळणार. मागच्या तुकडीतल्या किती जणांनी सगळे पेपर काढले आणि किती जणांच्या हातात परवाना आहे, 'प्लेसमेंट' किती हे नव्हे. आणि पुढे विमानाच्या जातीचं प्रशिक्षण वेगळ्या पैशांचं असतं, तो खर्च कोण करणार. 'नोकरीची हमी' लिहिणाऱ्याला परवान्याची हमी देता येत नाही, कारण तो त्याच्या हातातच नाही. कुणी मान्यता येणार आहे, अर्ज केलाय, असं म्हणालं तर मान्यता आल्यावर या, एवढंच उत्तर द्यावं.

मुलींचं तिथं काय होतं, असंही चिठ्ठीत विचारलंय. काम उघड्यावर, उन्हापावसात, बऱ्याचदा रात्री. विमानं दिवसा उडतात म्हणून दुरुस्ती रात्री. अवजड भाग उचलायला यंत्रं असतात, त्यामुळे ताकद हा अडथळा राहिलेला नाही. रात्रपाळीची गाडी, राहायची सोय आणि कपडे बदलायची जागा हे प्रश्न मात्र खरे आहेत, ते नोकरी घेतानाच विचारावेत. कामाला आलं की दारू प्यायलेली नाही ना, हे श्वासातून तपासायचा नियम २०१९ पासून देखभालीच्या माणसांनाही लागू आहे. पुरुषांच्या रात्रपाळीत मुलगी काम करणार, या काळजीत असलेल्या आईबापांना हा नियम माहीत असलेला बरा. आपल्या राज्यात मुंबई आणि नागपूरला विमानांच्या देखभालीची मोठी ठिकाणं आहेत. नागपूरला मिहानमध्ये मोठमोठी प्रवासी विमानं दुरुस्तीला उभी असतात.

आणि बाईनं हे काम करणं काही आजचं नाही. इंग्लंडमधल्या हल गावच्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी एमी जॉन्सन हिनं १९२९ मध्ये विमानाच्या देखभालीचा परवाना मिळवला. तो मिळवणारी त्या देशातली ती पहिली बाई. दुसऱ्याच वर्षी ती एकटी विमान घेऊन इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली. वाटेत कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता इथं उतरली. दिवसभर उडायचं आणि उतरल्यावर इंजिन स्वतः साफ करायचं, असं तिचं चालायचं. बातम्या छापल्या गेल्या त्या तिच्या उड्डाणाच्या. इंजिनाखाली घालवलेल्या रात्रींबद्दल फार कुणी लिहिलं नाही.

शेवटचा प्रश्न लग्नानंतरचा, बाळंतपणाचा. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते, मग तो नवा करून घ्यायचा. पण सही करायचा अधिकार चालू ठेवायला मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. हा नियम बाई-पुरुष सगळ्यांना सारखा. त्यामुळे बाळंतपणाची रजा घेऊन परत येणाऱ्या मुलीचं काही बिघडत नाही. मोठा खंड पडला तर पुन्हा काही महिने दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करून हात बसवावा लागतो, मग सही करता येते. लग्नाची बोलणी करताना सासरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं, पाळ्यांच्या वेळांसकट.

ज्या गटांना मान्य संस्थांची यादी बघायला मदत हवी असेल, त्यांनी बाजाराच्या दिवशी आपल्या केंद्रावर यावं, सोबत ते पत्रकही आणावं. पुढच्या मंगळवारी याच वेळेला शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू.